तो नक्की कुणाचा? संशयास्पद पात्राच्या निष्ठेवर फॅन थिअरी रचायची आणि तपासायची कशी

‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला आणि दुसरा २८ एप्रिल २०१७ ला. मधल्या काळात ‘कटप्पाने बाहुबलीला का मारलं?’ हा प्रश्न सांगलीत लहानथोर सगळ्यांच्या तोंडी होता आणि उत्तरही प्रत्येकाच्या खिशात तयार होतं. कटप्पा फितूर झाला. कटप्पावर कुणी तरी जादू केली. मेला तो बाहुबली खरा नव्हताच. ऐकायला मजा यायची, पण पहिला भाग पुन्हा बसून बघण्याचे कष्ट घेणारे थोडेच होते. खरं तर उत्तराचा मोठा हिस्सा तिथंच ठेवलेला होता. अस्लम खान हा शस्त्रांचा व्यापारी कटप्पाला गुलामीतून सोडवू पाहतो आणि कटप्पा नको म्हणतो, कारण त्याच्या पूर्वजांनी माहिष्मतीच्या सिंहासनाला वचन दिलंय. ज्याची निष्ठा माणसाशी नसून गादीशी आहे, त्याच्या हातून लाडक्या माणसाचा खून झाला असेल तर तो बहुधा हुकमानेच. हुकूम देऊ शकणारी माणसं त्या दरबारात मोजकी होती. दुसऱ्या भागात शिवगामीचं नाव पुढे आलं तेव्हा आश्चर्य वाटायचं ते ‘तिने असं का केलं’ याचं. कटप्पाने का ऐकलं, हे कोडं उरलंच नव्हतं.

फॅन थिअरी म्हणजे गोष्टीत न उलगडलेल्या कोड्याबद्दल चाहत्यांनी बांधलेला अंदाज. ती रचणं म्हणजे काहीही ठोकून देणं, असा समज आहे. मला तो मान्य नाही. नीट रचलेली थिअरी हा बारकाईने वाचण्याचा एक चोख प्रकार आहे, आणि ज्याची बाजूच कळत नाही अशा पात्रावर तो सगळ्यांत जास्त रंगतो. इथं विश्रामबागेत आमचा वाचनाचा कट्टा आहे. मिरज, तासगावकडून कॉलेजची पोरंपोरी येतात. त्यांच्याबरोबर वाद घालता घालता जी पद्धत बसत गेली ती इथं मांडतो. मुख्य उदाहरण जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’मधल्या सिव्हेरस स्नेपचं, म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेतल्या मास्तरचं, घेतोय. ती मालिका २००७ सालीच संपली, तेव्हा शेवट फोडल्याची तक्रार चालणार नाही. ज्यांना अजून वाचायची आहे त्यांनी आधी वाचून यावं.

पात्र निवडताना

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं आणि त्या परंपरेतला राक्षस ‘अलल् डुर्र’ अशा आरोळ्या ठोकतच रंगमंचावर यायचा. तो कुणाच्या बाजूचा, हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही विचारावं लागत नसे. असल्या पात्रावर थिअरी होत नाही. पण प्रत्येक करड्या पात्रावरही ती होत नाही, आणि नवखे इथंच अडकतात.

निष्ठेचा गोंधळ तीन तऱ्हांचा असतो. पहिली तऱ्हा लपवलेल्या निष्ठेची: पात्राला स्वतःला पक्कं माहीत आहे, लेखकालाही माहीत आहे, फक्त आपल्यापासून दडवलंय. स्नेप तसा. दुसरी तऱ्हा दुभंगलेल्या निष्ठेची. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या गोलमची दोन मनं आपसात भांडतात आणि सॅम ते चक्क ऐकतो. तिथं दडवलेलं काही नाही. पुढे तो काय करेल, एवढीच धाकधूक. तिसरा विकाऊ माणूस. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’मधला लिटलफिंगर नेड स्टार्कच्या गळ्याला सुरी लावतो आणि ‘माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, असं मीच सांगितलं होतं’ अशा अर्थाचं बोलतो. त्याच्या निष्ठेचा शोध आरशापाशी संपतो.

थिअरीला खरा वाव पहिल्या तऱ्हेत. ओळखायची खूण अशी: पात्र ‘अ’ बाजूचं आहे असं धरून सगळे प्रसंग मनात एकदा फिरवा, मग ‘ब’ बाजूचं धरून फिरवा. दोन्ही वेळा बहुतेक सगळं जुळत असेल आणि दोन्हीकडे थोडं थोडं खटकत असेल, तर लेखकाने ते मुद्दाम केलंय. बसा कामाला.

‘चांगला की वाईट’ हा प्रश्न बाजूला ठेवा

माझ्या मते निम्म्याहून जास्त थिअऱ्या या एका प्रश्नापायी वाया जातात. तासगावच्या एका पोराने कट्ट्यावर वाद तोडूनच टाकला होता : “काका, तो नेव्हिलला एवढा छळतोय, म्हणजे तो वाईटच हाय. विषय संपला.” नेव्हिल या घाबरट विद्यार्थ्याबद्दलचं त्याचं म्हणणं खरंच आहे. तिसऱ्या पुस्तकात नेव्हिलची सगळ्यांत मोठी भीती रूप घेऊन समोर येते ती स्नेपच्या रूपात. शाळेतल्या मास्तरवर याहून कडक शेरा कोणता? पण स्नेप वर्गात दुष्टपणे वागतो यावरून तो व्होल्डेमॉर्टचा, म्हणजे मालिकेतल्या खलनायकाचा, माणूस आहे, हे सिद्ध होत नाही. दुष्ट माणूस निष्ठावंत असू शकतो आणि गोड बोलणारा घरभेदी. पहिल्या पुस्तकातला क्विरल भित्रा, तोतरा, बिचारा वाटतो आणि डोक्यामागे व्होल्डेमॉर्टला घेऊन हिंडत असतो. रोलिंगने पहिल्याच पुस्तकात हा धडा देऊन ठेवला होता. सहावं वाचताना आपण तो विसरलो.

त्या प्रश्नाऐवजी वहीच्या पहिल्या पानावर असं लिहा : याची निष्ठा नेमकी कशाशी? माणसाशी, पदाशी, शपथेशी, की एखाद्या जुन्या ऋणाशी? कटप्पाचं उत्तर ‘पदाशी’. स्नेपच्या बाबतीत बहुतेक लोक ‘शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर की व्होल्डेमॉर्ट’ एवढेच दोन पर्याय धरून बसले होते. खरं उत्तर तिसऱ्याच ठिकाणी होतं : मेलेल्या लिलीशी, हॅरीच्या आईशी. डम्बलडोरची बाजू त्या निष्ठेमागोमाग आली. म्हणून पर्याय लिहिताना तिसरी ओळ नेहमी मोकळी सोडा आणि तिथं कथेत आत्ता हजर नसलेल्या माणसांची नावं टाका : मेलेली, हरवलेली, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही अशी.

वही कशी घालायची

हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळून चालत नाही. पुस्तक पुन्हा वाचायचं, फक्त त्या पात्रासाठी. दिसेल तिथं नोंद करायची. पान क्रमांक लिहू नका, प्रकरणाचा क्रमांक लिहा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, आणि कट्ट्यावर एकाकडे मराठी आवृत्ती असते, दुसऱ्याकडे इंग्रजी. वाचनालयाचं पुस्तक असेल तर त्यावर रेघ मारू नका. साताऱ्याकडची मंडळी भिलारला, म्हणजे ४ मे २०१७ ला सुरू झालेल्या ‘पुस्तकांच्या गावात’, जाऊन वाचत असतील तर तिथं वही जवळ हवीच. पुस्तक तिथंच ठेवून यायचं असतं.

वहीला चार रकाने पाडा. काय घडलं. कुणी पाहिलं. पाहणाऱ्याने काय अर्थ लावला. दुसरा कोणता अर्थ लागू शकतो. सांगलीच्या हळदपेठेतला अडत्या जमा आणि नावे वेगळं ठेवतो, तसं ‘घडलं’ आणि ‘वाटलं’ यांचं खातं इथं वेगळं ठेवायचं. ती दोन एकत्र झाली की हिशेब कधीच जुळणार नाही.

पहिल्या पुस्तकातली क्विडिचची, म्हणजे उडत्या झाडूवर बसून खेळायच्या खेळाची, मॅच घ्या. घडलं ते असं : हॅरीचा झाडू हवेत उधळला, त्या वेळी स्नेप त्याच्यावर नजर रोखून काही पुटपुटत होता, हर्माइनीने त्याच्या झग्याला आग लावली, झाडू शांत झाला. पाहणारे : हॅरीचे दोस्त हर्माइनी आणि रॉन. वाटलं ते असं : स्नेप हॅरीला मारतोय. चौथ्या रकान्यात काय येईल? तो उलटा मंत्रही म्हणत असू शकतो. आणि एक साधा प्रश्न : धावपळीत आणखी कुणाची नजर हलली? हर्माइनी जाता जाता क्विरलला धक्का देऊन खाली पाडते. ते वाक्य पहिल्या वाचनात सगळेच ओलांडून जातात. चार रकान्यांची वही असती तर ते सापडलं असतं.

वहीत एवढं भरायला वेळ लागतो. घाई करून महत्त्वाचे प्रसंगच तेवढे लिहिले तर काय महत्त्वाचं हे आधीच ठरवून टाकल्यासारखं होतं, आणि मग जे हवं तेच सापडतं.

कुणाच्या डोळ्यांनी पाहतोय?

‘हॅरी पॉटर’ जवळजवळ पूर्ण हॅरीच्या डोळ्यांनी सांगितलेली गोष्ट आहे, आणि हॅरीला स्नेप आवडत नाही. म्हणजे स्नेपबद्दलचं प्रत्येक विशेषण हॅरीच्या रागातून गाळून आपल्यापर्यंत येतं. नोंद करताना ही विशेषणं खोडा. उरतं ते कृत्य आणि संवाद.

आता अपवाद शोधा. सहाव्या पुस्तकाचं दुसरं प्रकरण हॅरीशिवाय घडतं. व्होल्डेमॉर्टच्या गोटातल्या दोघी बहिणी, नार्सिसा आणि बेलाट्रिक्स, स्नेपच्या घरी येतात, तो नार्सिसाच्या मुलासाठी, ड्रॅकोसाठी, मोडता न येणारी शपथ घेतो. लेखिका पहिल्यांदाच आपल्याला त्याच्या घरात नेते, पण त्याच्या डोक्यात नेत नाही. आपण बाहेरच उभे. एवढ्या जवळ नेऊन मन बंद ठेवलं असेल, तर त्या मनात गोष्ट बिघडवणारी माहिती आहे, हे समजून घ्यावं.

‘आइस अँड फायर’मध्ये तर हे आणखी उघड आहे, कारण तिथं प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून आहे. राजापासून फरारी गुन्हेगारापर्यंत सगळ्यांना ओळखणारा व्हॅरिस, आणि तो लिटलफिंगर, या दोघांना आजवर एकही प्रकरण मिळालेलं नाही. १९९६ च्या पहिल्या पुस्तकात नेडची मुलगी आर्या तळघरात दोन माणसांचं कारस्थान ऐकते; लहान पोर, अर्धवट ऐकते, घरी सांगते तर कुणी नीट मनावर घेत नाही. २०११ च्या पाचव्या पुस्तकाच्या अखेरीस व्हॅरिस आपले पत्ते टाकतो. ज्यांनी आर्याचं ते प्रकरण वहीत उतरवून ठेवलं होतं त्यांना पंधरा वर्षं आधी वास लागला होता. लहान मुलं, नोकर, वेडगळ ठरवलेली माणसं यांनी ऐकलेलं-पाहिलेलं वेगळ्या शाईने लिहा. लेखक खरी माहिती बहुतेक वेळा अशांच्याच हाती देतात, कारण वाचक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो.

दोन्ही बाजूंना चालणारा पुरावा आणि कुणालाच न लागणारा

इथं जरा थांबून वाचा, कारण सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे.

दुहेरी हेराचं काम असं असतं की त्याच्या प्रत्येक कृत्याचा खुलासा दोन्ही धन्यांपुढे करता आला पाहिजे. त्यामुळे त्याने केलेल्या उपकारांची यादी करून काही हाती लागत नाही. वर सांगितलेल्या प्रकरणात बेलाट्रिक्स स्नेपला एकेक आरोप विचारते : धनी पडला तेव्हा तू कुठं होतास, परतला तेव्हा लगेच का आला नाहीस, पॉटर इतकी वर्षं हाताशी असून जिवंत कसा? स्नेप प्रत्येकाला चोख उत्तर देतो. हा लेखिकेनेच तयार करून दिलेला आरोपांचा तक्ता आहे. वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येक उत्तरासमोर विचारा : डम्बलडोरसमोर हेच कृत्य कसं सांगितलं असतं? दोन्हीकडे खपत असेल तर त्या नोंदीला शून्य गुण.

दुसरं उदाहरण त्याच पुस्तकाच्या शेवटी. डम्बलडोरला मारून स्नेप पळतो, हॅरी मागे धावतो. व्होल्डेमॉर्टचा एक माणूस हॅरीला यातना देऊ लागतो आणि स्नेप त्याला अडवतो. वाचक लगेच म्हणतो, बघा, वाचवलं! पण स्नेप कारण काय देतो? पॉटर धन्याचा आहे, त्याला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. दोन्हीकडे चालतं. शून्य गुण.

पण त्याच धावपळीत तो हॅरीचे मंत्र नुसते परतवतो आणि वर त्याला सुनावतो, की तोंड बंद ठेवायला आणि मन बंद ठेवायला शिकत नाहीस तोवर प्रत्येक मंत्र अडवला जाणार. हे वाक्य कशासाठी? व्होल्डेमॉर्टच्या माणसाला शत्रूला शिकवायचं कारण नाही. डम्बलडोरच्या माणसाला दिखावा सांभाळायला त्याची गरज नाही. कुणालाच न लागणारं कृत्य म्हणजे मुखवट्याच्या फटीतून दिसलेलं मन. मला विचाराल तर त्या पुस्तकातला स्नेपच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा हाच, आणि तो ओरडून सांगितलेला नाही.

तिसरा प्रकार किमतीचा. त्या कृत्यात पात्राने स्वतः काय गमावलं? शपथेच्या तीन कलमांपैकी तिसरं येतं – ड्रॅकोला जमलं नाही तर त्याचं काम तू करशील – तेव्हा स्नेपचा हात किंचित हलतो. शाळेचा रखवालदार हॅग्रिड जंगलात ऐकलेलं भांडण सांगतो : डम्बलडोर फार गृहीत धरतो, आपल्याला हे आता करायचं नाही, असं स्नेप म्हणत होता. या दोन नोंदी शेजारी ठेवा. दोन्ही ठिकाणी तो एखाद्या कामाला मनातून नाही म्हणतोय. कोणतं काम, हे २००५ साली या दोन ओळींवरूनच ओळखणारे वाचक होते : मरणारा डम्बलडोर स्वतःच त्याला मारायला सांगून गेलाय.

गुणांची पट्टी साधी ठेवा. दोन्हीकडे चालणारं शून्य, महागात पडलेलं दोन, कुणालाच न लागणारं तीन. आकडे काही वैज्ञानिक नाहीत. वाद घालताना एकाच चमकदार प्रसंगावर सगळा भार पडू नये, एवढ्यासाठीच ते.

जोडीचे प्रसंग

चांगला लेखक उत्तर सांगत नाही, पण त्याच रचनेचा दुसरा प्रसंग जवळपास ठेवून देतो. सहाव्या पुस्तकात मनोऱ्यावर स्नेप डम्बलडोरला मारतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तिरस्कार आणि द्वेष कोरलेला दिसतो. बहुतेकांनी तो डम्बलडोरबद्दलचा द्वेष मानला. पण त्याच्या थोडंच आधी गुहेत हॅरी डम्बलडोरला विषारी द्रव घोट घोट पाजतो. डम्बलडोर विनवतो, हॅरी पाजत राहतो, कारण त्यानेच वचन घेतलंय. आणि हॅरीला त्या क्षणी स्वतःचाच द्वेष, स्वतःच्या कृत्याची किळस वाटते. भावना त्याच, विनवणारा म्हातारा तोच, वचनही. एवढ्या जवळ हा योगायोग नसतो.

अशी जोडी शोधायची तर कळसाच्या प्रसंगातले भावनेचे शब्द लिहून घ्या आणि मागच्या काही प्रकरणांत ते कुठं येतात ते पाहा. फक्त मागच्या पुस्तकांत कुठंतरी सापडलं म्हणून जोडी मानू नका. जवळ असली तरच.

प्रकरणांची नावंही तपासा. पाचव्या पुस्तकात एका प्रकरणाचं नाव ‘स्नेपची सगळ्यांत वाईट आठवण’ अशा अर्थाचं आहे. आत काय घडतं? हॅरीचा बाप जेम्स आणि त्याचा दोस्त सिरियस स्नेपची चारचौघांत टर उडवतात. पण अशी टर तर त्याची नेहमीच उडायची. मग सगळ्यांत वाईट हीच का? कारण त्याच वेळी मदतीला आलेल्या लिलीला तो जातीवरून शिवी देतो. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला हॅरीच्या मावशीच्या, पेट्युनियाच्या, तोंडून निघून जातं, की डिमेंटरांबद्दल, म्हणजे जादूगारांच्या तुरुंगावरच्या भीषण पहारेकऱ्यांबद्दल, ‘त्या भयंकर पोराने’ लिलीला सांगितलेलं मी ऐकलं होतं. हॅरी समजतो, आपल्या बापाबद्दल बोलतेय. सहाव्यात जुना मास्तर स्लगहॉर्न लिलीच्या काढे-औषधांच्या हाताची तोंडभर तारीफ करतो. आणि तो विषय शाळेत इतकी वर्षं कुणाचा? सुटे सुटे तिन्ही फुसके वाटतात. एका ओळीत ठेवले की २००३ ते २००७ या काळातल्या ‘स्नेपचं लिलीवर प्रेम होतं’ या थिअरीला पाया मिळतो.

उलट पक्ष प्रामाणिकपणे लिहा

कट्ट्यावर आम्ही चिठ्ठ्या टाकतो. ज्याला ‘स्नेप गद्दार’ अशी चिठ्ठी येईल त्याने ती बाजू मनापासून लढवायची. नुसता तोंडदेखला विरोध केला तर चहा त्याच्यावर. आपल्याच थिअरीतली भोकं सापडायला यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. गद्दार पक्षाकडे भक्कम माल होता हे विसरू नका : हॅरी आणि व्होल्डेमॉर्ट यांच्याबद्दलची भविष्यवाणी ऐकून ती व्होल्डेमॉर्टपर्यंत नेणारा स्नेपच होता, आणि डम्बलडोर त्याच्यावरच्या विश्वासाचं कारण सांगता सांगता थांबतो. न सांगितलेलं कारण म्हणजे डम्बलडोरही फसलाय, असा अर्थ सहज निघत होता.

मग स्वतःच्या थिअरीखाली एक वाक्य लिहा : ‘पुढे अमुक घडलं तर मी चूक.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर ती थिअरी नाही, ती आवड आहे. ‘स्नेप शेवटपर्यंत कुणालाही नकळत हॅरीला मदत करेल’ यात मोडण्यासारखं काही नाही. ‘डम्बलडोरच्या मृत्यूचा आदेश खुद्द डम्बलडोरचा होता आणि ते हॅरीला स्नेपच्याच आठवणीतून कळेल’ हे मोडू शकतं, म्हणून जास्त किमतीचं.

पुस्तकाबाहेरचा पुरावा

याला कमी जागा देतो, कारण लोक याला नको तेवढी देतात. लेखकाच्या मुलाखतींतून ‘काय नाही’ हे कळू शकतं. ‘काय आहे’ हे क्वचित. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात सलमान रश्दींनी मुलाला बरोबर घेऊन रोलिंगना स्नेपबद्दलच विचारलं होतं. त्या उत्तरात डम्बलडोर खरोखर मेलाय हे बाईंनी स्पष्ट केलं आणि ‘डम्बलडोर जिवंत आहे’ म्हणणाऱ्या सगळ्या थिअऱ्या एका फटक्यात गेल्या. ॲलन रिकमन या नटाला बाईंनी पात्राबद्दल एक गोष्ट आधीच सांगितली होती, हे त्यानेच नंतर सांगितलं. पण ती गोष्ट काय, हे न सांगितल्यामुळे पुरावा म्हणून उपयोग शून्य.

जाहिरातींवर तर अजिबात विसंबू नका. सातवं पुस्तक यायच्या आधी अमेरिकेतल्या बॉर्डर्स या पुस्तकदुकानांच्या साखळीने ‘स्नेपवर विश्वास ठेवा’ आणि ‘स्नेप फार वाईट माणूस आहे’ असे दोन्ही स्टिकर वाटले होते. दुकानदाराला संशय टिकण्यातच फायदा असतो.

साताऱ्याची पोरं हमखास विचारतात, ही पद्धत प्रतापगडाला का लावू नये? १६५९ सालच्या त्या भेटीआधी खानाच्या वकिलाने नक्की काय केलं? नका लावू. साताऱ्यात कंपनीचा अधिकारी राहिलेल्या ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात पंताजी गोपीनाथ हा खानाचा वकील आहे. मराठी साधनांत तोच महाराजांचा वकील आणि खानाकडचा कृष्णाजी भास्कर. तिथली विसंगती ही साधनांची भांडणं आहेत. कादंबरीतली विसंगती एकाच माणसाने ठरवून ठेवलेली असते, आणि ‘ठरवून ठेवलीय’ या एका गृहीतकावर वरची सगळी पद्धत उभी आहे. इतिहासासाठी साधनं तपासण्याची वेगळी शिस्त आहे, ती शिका.

एका पानात, तारखेसह

आता लिहून काढा. एक पान, जास्त नाही. वर निष्ठा कशाशी ते एका वाक्यात. मग सगळ्यांत जास्त गुणांचे तीन-चार पुरावे, प्रकरण क्रमांकासह. मग उलट पक्षाचा सगळ्यांत जड मुद्दा आणि तुमचं उत्तर. उत्तर नसेल तर ‘उत्तर नाही’ असं लिहा. शेवटी मोडण्याची अट, सही, तारीख. पाकिटात घालून दुसऱ्याच्या घरी ठेवा. ‘मी तर आधीच म्हणालो होतो’ म्हणणारे उत्तर आल्यावर गल्लोगल्ली भेटतात. पाकीट त्यांच्याकडे नसतं. ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्याच्यासमोर मात्र ते उघडू नका. भडंग खाता खाता दुसऱ्याचा शेवट फोडणारे लोक आमच्या कट्ट्यावरही आहेत, त्यांना आम्ही दाराजवळ बसवतो.

उत्तर आल्यावर अख्ख्या थिअरीला पास-नापास करू नका. तुकडे करा. सातवं पुस्तक २१ जुलै २००७ ला आलं तेव्हा ‘स्नेप निष्ठावंत’ हा तुकडा बरोबर निघाला, ‘कारण लिली’ हाही. एक थिअरी पहिल्या पुस्तकातल्या स्नेपच्या पहिल्या तासावर उभी होती : मृत्यूलाही बूच लावायला शिकवीन, असं तो म्हणतो, म्हणून डम्बलडोरच्या मृत्यूला त्यानेच बूच लावलंय. ती अर्धी खरी ठरली. डम्बलडोरच्या काळ्या पडलेल्या हातातला शाप स्नेपने एकाच हातात अडवून धरला होता आणि डम्बलडोरकडे जेमतेम वर्षभर होतं. डम्बलडोर परत येईल, हा त्या थिअरीला पुढे जोडलेला तुकडा पडला. आणि उत्तर कधी येणारच नाही अशीही वेळ येते : ‘आइस अँड फायर’च्या सहाव्या पुस्तकाची लोक २०११ पासून वाट पाहताहेत. तिथं पाकीट बंदच ठेवा. २०१९ मध्ये संपलेल्या टीव्ही मालिकेवरून गुण देऊ नका, ती वेगळी कलाकृती आहे.

सरावासाठी : शल्य

पहिला प्रयत्न स्नेपवर करू नका, उत्तर माहीत असल्याने हात आपोआप तिकडे वळतो. महाभारत फँटसी नाही हे मान्य, पण त्यातला शल्य सरावाला उत्तम आहे. उद्योगपर्वापासून सुरुवात करा. हा नकुल-सहदेवांचा मामा पांडवांकडे निघालेला असतो. वाटेत दुर्योधन न कळवता त्याची बडदास्त ठेवतो आणि शब्दात अडकवतो. मग तो युधिष्ठिराला भेटतो आणि कर्णाचा सारथी झालो तर त्याचं तेज कमी करीन असं कबूल करतो. म्हणजे दोन धनी, दोन शब्द. कर्णपर्वात रथ हाकताना तो कर्णाला टोचून टोचून बोलतो, ही नोंद युधिष्ठिराच्या खात्यात. पण कर्ण सर्पमुख बाण जोडतो तेव्हा हाच शल्य सांगतो, की हा बाण गळ्याला लागणार नाही, नीट बघून दुसरा लाव. कर्ण ऐकत नाही. दोनदा नेम धरणं त्याला कमीपणाचं वाटतं. बाण अर्जुनाचा किरीट घेऊन जातो. कर्ण पडल्यावर शल्य कौरवांचा सेनापती होतो आणि युधिष्ठिराच्याच हातून मरतो.

तो सल्ला कोणत्या रकान्यात टाकाल? युधिष्ठिराला दिलेल्या शब्दाविरुद्ध आहे. दुर्योधनासाठी म्हणावा, तर इतका वेळ कर्णाचा पाणउतारा कशासाठी? की कर्ण ऐकणार नाही हे ओळखूनच तो दिला? तिन्ही पर्याय लिहा, मोडण्याच्या अटी लिहा, आणि चौथी ओळ मोकळी सोडा.